पोटुशी नसलेल्या बाईचं रक्त

आमच्या वहिनीला कच्चे तांदूळ खायची खोड आहे, असं आम्ही सगळे वर्षानुवर्षं म्हणत आलो. सूप घेऊन निवडायला बसली की थोड्या थोड्या वेळाने चिमूटभर दाणे तोंडात. पाटीवरची पेन्सिलसुद्धा खायची. पोरांच्या दप्तरातली पेन्सिल हरवली की पोरं आधी आईला विचारायची, घर हसायचं, तीही हसायची. मी परळच्या बाजूला एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं रक्त तपासते. पाटण तालुक्यातल्या गावी वर्षातून दोनदा तरी जाते. अंगातलं लोह संपत आलेल्या माणसाला माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, हे मी शिकलेले आहे. तरी त्या हसण्यात मीही होते.

दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नासाठी वहिनी भांडुपला आमच्याकडे आली. चुडा भरायला कासारीण आली होती. बांगडी चढवताना पंजा आवळून दाबतात, तेव्हा हात कसा लालबुंद होतो हे बायकांना माहीत आहे. वहिनीचा हात दाबून सोडला तरी मेणासारखा पांढराच राहिला. कासारीण म्हणाली, "बाई, रक्तच नाही अंगात तुमच्या." मी तिचा हात हातात घेतला. नखं सपाट, मधे खोलगट, चमच्यासारखी. एवढ्या वर्षांत तिचा हात मी असा जवळून पाहिलाच नव्हता.

लग्न उरकल्यावर तिला तपासायला नेलं. हिमोग्लोबिन 6.1. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया आणि 8 च्या खाली गेलं की तीव्र अ‍ॅनिमिया, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मोजपट्टी आहे. जांभळ्या बुचाची ट्यूब काही वेळ स्टँडवर उभी राहिली की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळट द्रव राहतो. निरोगी बाईच्या ट्यूबमध्ये पाच बोटं रक्त असेल तर दोन बोटं लाल दिसतं. वहिनीच्या ट्यूबमध्ये जेमतेम एक बोट. एवढ्याशा रक्तावर ही बाई पहाटे उठून धारा काढत होती, डोंगरातल्या झऱ्यावरून पाणी आणत होती, भाताच्या लावणीला दिवसभर वाकत होती. गावात मात्र ती "कामाला चुकार" म्हणून ठरली होती, कारण चढावर दोनदा बसायची.

मी तिला विचारलं, गावात आशाताई येतात ना, त्यांनी कधी रक्त तपासायला नाही सांगितलं?

"येत्यात की वन्सं. पर त्या पोटुशी बायांसाठी येत्यात. मला कशाला इचारतील? माझं आपरेशन झालंय."

धाकट्याच्या जन्मानंतर तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं, त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत तिचं रक्त एकदाही कुणी मोजलं नाही. दोन्ही बाळंतपणांत मात्र हिमोग्लोबिन लिहिलेलं कार्ड आहे, लाल गोळ्या मिळालेल्या आहेत, वजन केलेलं आहे. तिच्या त्या एका वाक्यात मला आपल्या सगळ्या धोरणाचं दुखणं दिसलं. आपण बाईचं रक्त मोजतो ते तिच्या पोटात बाळ असतं तेव्हा. बाळ बाहेर आलं, लसी झाल्या, ऑपरेशन झालं की ती आरोग्यखात्याच्या नजरेतून जवळजवळ नाहीशी होते. तेव्हा ती पंचविशी-तिशीची असते आणि पाळी थांबायला पुढे पंधरा-वीस वर्षं असतात. रक्त सर्वात जास्त जातं ते याच वर्षांत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायका अ‍ॅनिमियाच्या रेषेखाली निघाल्या. त्याआधीच्या, 2015-16 च्या फेरीत हा आकडा 53 होता. 2019-21 मध्ये खेड्यात 58.5, शहरात 53.8. आपल्या महाराष्ट्रात तो 48 वरून 54.2 वर गेला. त्याच वयाच्या पुरुषांमध्ये मात्र 25 टक्के. यातली एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही: देशभरात गरोदर बायकांमधलं प्रमाण 52 टक्के आहे, म्हणजे सगळ्या बायकांच्या आकड्याहून कमी. गरोदरपणासाठीची रेषा 11 वर, थोडी खाली आहे, हे खरं. पण सगळी मोहीम जिच्यासाठी चालते तिच्याएवढीच, किंबहुना जास्तच, जिच्याकडे कुणी बघत नाही ती बाई फिकी आहे, हे या आकड्यांवरून उघड दिसतं.

हे आकडे फुगवलेले आहेत, असं काही डॉक्टर म्हणतात. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात चूक होते, शिरेतून रक्त घेतलं तर प्रमाण कमी येईल, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, मी रोज रक्त हाताळते म्हणून मला ते पटतं. बोट पिळून काढलेल्या थेंबात मांसातला पाण्यासारखा द्रव मिसळतो. 2016 ते 2018 मध्ये मुलांचं जे राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण झालं त्यात शिरेतून रक्त घेतलं होतं, आणि 10 ते 19 वयातल्या मुलामुलींमधलं प्रमाण 28 टक्के निघालं. पण तेच आकडे उलगडून पाहिले तर मुलगे 18 टक्के आणि मुली 40 टक्के. सुई कुठे टोचली यावरून हा फरक पडत नाही. एकाच घरात, एकाच चुलीवर शिजलेलं अन्न खाऊन मुलगी मुलाच्या दुपटीहून जास्त फिकी होत असेल, तर रोग मोजण्याच्या पद्धतीवर वाद घालण्यात वर्षं घालवणं मला मान्य नाही.

मी जिथे काम करते तिथून थोड्या अंतरावर हाफकिन संस्था आहे. 1928 साली लुसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर तिथे आली होती. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्या पडून मरत होत्या, त्याचं कारण शोधायला तिला बोलावलं होतं. तिने रक्त तपासलं, आणि या बायका काय खातात हेही पाहिलं. वेगवेगळ्या थरांतल्या बायकांच्या ताटाची तुलना केली. ज्यांच्या ताटात सर्वात कमी, त्या सर्वात जास्त आजारी. पुढे यीस्टच्या अर्काने या बायका बऱ्या होतात, असं तिला आढळलं आणि 1931 मध्ये तिने ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच नंतर सापडलेलं फॉलिक अ‍ॅसिड. आज आशाताईच्या पिशवीतल्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोहाबरोबर 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं, त्याचा माग परळपर्यंत येतो. मुंबईतल्या या गरीब बायकांच्या रक्तातून हे शहाणपण जगाला मिळालं. मुंबईकर मराठी माणसाला ते ठाऊक असायला हवं.

विल्सने पाहिलेल्या त्या रक्तात पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. माझ्या वहिनीच्या रक्तात त्या बारीक होत्या. पेशीचा सरासरी आकार 80 ते 100 च्या मधे असायला हवा, तिचा 61 होता. त्या बायकांची आणि वहिनीची कातडी सारखीच फिकी दिसली असती, कारणं मात्र निराळी. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीकडे गेलं तर सिकलसेल असू शकतो, कुठे थॅलेसेमिया, हे दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार, कुठे जंत, कुठे बी-12 ची कमतरता. फिकेपणा दिसला की लाल गोळी दिली आणि पुढे गेलो, असं करून चालत नाही. विल्सने जवळपास शंभर वर्षांपूर्वी जे केलं ते आज गावागावात करायला हवं: बाईला विचारायला हवं.

आपल्याकडे पोषणजन्य पांडुरोग रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 1970 मध्ये सुरू झाला. 2018 मध्ये अ‍ॅनिमियामुक्त भारत आला. त्यात गरोदर नसलेल्या बाईलाही आठवड्याला एक लाल गोळी मिळावी, असं लिहिलेलं आहे. कागदावरची ती तरतूद चांगलीच आहे. वहिनीला तशी गोळी एकदाही मिळाली नाही. गरोदर बाईच्या तपासणीसाठी मात्र दर महिन्याची 9 तारीख ठरलेली आहे. महाराष्ट्रात 2022 च्या नवरात्रात अठरा वर्षांवरच्या सगळ्या बायकांच्या तपासणीची मोहीम निघाली, ती खरोखरच चांगली होती, पण नाव होतं "माता सुरक्षित तर घर सुरक्षित". 2025 मध्ये देशभर मोहीम झाली, तिचं नाव "स्वस्थ नारी, सशक्त परिवार". बाईची तब्येत नीट असावी याला प्रत्येक वेळी दुसरं कुणीतरी कारण लागतं: बाळ, घर, परिवार. ती नुसती माणूस आहे आणि जिना चढताना तिला धाप लागते, एवढं कारण का पुरत नाही?

गोळ्या दिल्या तरी बायका घेत नाहीत, फेकून देतात, ही तक्रार मी सरकारी नोकरीतल्या अनेकांकडून ऐकली आहे. 2019-21 च्या त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गरोदरपणात 180 दिवस गोळ्या घेतलेल्या बायका 26 टक्केच निघाल्या, तेव्हा तक्रार खोटी नाही. पण का घेत नाहीत? मळमळतं. पोट गच्च होतं. शी काळी होते आणि बाई घाबरते, कारण तसं होणार हे तिला कुणी आधी सांगितलेलं नसतं. सासू म्हणते बाळ काळं होईल. शेजारीण म्हणते बाळ मोठं होईल आणि सीझर करावं लागेल. यातल्या प्रत्येक भीतीला दोन मिनिटं बसून उत्तर देता येतं. जेवणानंतर घे, रात्री झोपताना घे, मळमळ कमी होईल. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको. लिंबू पीळ. गोळ्यांचं पाकीट हातात देणारी आशाताई हे सांगू शकते, पण तिच्यावर कामांचा एवढा डोंगर आहे की तिच्याकडे ती दोन मिनिटं नसतात. बाईला हट्टी ठरवणं सोपं पडतं.

आणि मग आहाराचा उपदेश. बीट खा, डाळिंब खा, सफरचंद खा. लाल दिसतं म्हणून रक्त वाढतं अशी समजूत शिकल्या-सवरलेल्यांचीही आहे. बिटात लोह अगदी थोडं असतं आणि डाळिंब आमच्या गावात आजाऱ्याला भेटायला जाताना नेतात, रोज खायला नाही. बाजरी, नाचणी, हळीव, सुकट, अंडं, कलेजी ही आपली माहितीतली अन्नं. बाळंतिणीला हळिवाचे लाडू करून घालणाऱ्या आपल्या आज्यांना हे कळत होतं. पण लाडूसुद्धा बाळंतिणीलाच! एरवी तीच बाई सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसते. कोंबडी केली की तिच्या ताटात भाकरी आणि पातेल्याच्या तळचा रस्सा. सोमवार, चतुर्थी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार या दिवशी साबुदाणा, ज्यात लोह जवळजवळ नाहीच, आणि दिवसभर चहा, जो भाकरी-भाजीतलं लोह अंगाला लागू देत नाही. मी देवाधर्माच्या विरोधात नाही, माझेही उपवास असतात. पण 6 हिमोग्लोबिनच्या बाईने उपवास सोडावा असं तिला हक्काने सांगणारं माणूस घरात हवं, आणि ते सासूनेच सांगितलं तर तिला पटतं.

तरी सांगते, ताटावर सगळा भार टाकणं चूक आहे. हिशोब करून पाहा. साधारण पाळीत 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं. 80 च्या वर गेलं तर ते जास्त. एक मिलिलिटर रक्तात अर्धा मिलिग्रॅम लोह, म्हणजे 80 ला 40 मिलिग्रॅम. आतडं अन्नातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच उचलतं, आणि त्यातलं बरंचसं शरीराच्या रोजच्या झिजेतच जातं. ज्या बाईचं महिन्याला त्याच्याही वर जातं तिने नाचणीची भाकरी कितीही खाल्ली तरी ती हे भरून काढू शकत नाही. गळक्या हंड्यात पाणी ओतण्यासारखं आहे ते. आणि हंडा गळतो आहे का, हे आपण विचारतच नाही.

वहिनीला मी विचारलं तेव्हा तिने आधी दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाली, "नऊ-धा दिस असतं. नुसती धार लागती. कापडावर कापड. पर बाईमाणसाचं आसंच आसतंय न्हवं?" नऊ-दहा दिवस, तीन वर्षं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. याआधी एकदा तालुक्याच्या गावातल्या एका खासगी डॉक्टरला तिने धीर करून सांगितलं होतं. त्याने रक्त तपासलं नाही, "पिशवी काढून टाका" एवढंच म्हणाला. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. पैसे नव्हते म्हणून राहिलं.

हा "पिशवी काढा"चा सल्ला महाराष्ट्राला नवा नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न विधिमंडळात पोचला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. 82 हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कोयता नवरा-बायकोच्या जोडीने लागतो, एक दिवस गेला की दंड, फडात ना आडोसा ना पाणी. अशा ठिकाणी पाळीच नको वाटणं मी समजू शकते. पण अंगावरून जास्त जाणं हा बहुतेकदा औषधाने बरा होणारा आजार आहे आणि त्यातून होणारा अ‍ॅनिमियाही. मधलं काहीच मिळत नाही म्हणून गावच्या बाईसमोर दोनच वाटा उरतात, सोसणं किंवा पिशवी काढणं.

मुंबईत बसून मी हे का लिहिते? आपण मुंबईकर जे पाणी पितो ते तानसा, भातसा, वैतरणेचं. शहापूर आणि मोखाड्याच्या डोंगरांत ती धरणं आहेत आणि त्याच तालुक्यांतल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात. भरलेला हंडा पंधरा लिटरचा धरला तर पंधरा किलो, डोक्यावर एकावर एक दोन. खुर्चीत बसून काम करणाऱ्या मला 9 हिमोग्लोबिन काही महिने कळणारही नाही. दोन हंडे घेऊन चढण चढणाऱ्या बाईच्या काळजाला ते पावलोपावली कळतं. अहवालावर दोघींचा आकडा एकच असेल. त्यातल्या काही जणी बाळंतपणात अडल्या की रुग्णवाहिकेतून आपल्याच रुग्णालयांत येतात. अशा वेळी फोन येतो, रक्त तयार ठेवा, आणि मी रक्ताची पिशवी जुळवायला घेते. ज्या बाईचं रक्त आधीच निम्म्यावर आहे तिला बाळंतपणात गेलेलं थोडंसं रक्तही पेलत नाही. नऊ महिन्यांत ते भरून काढायला सांगणं म्हणजे फार उशिरा जागं होणं आहे. ती लग्नाआधीच फिकी होती.

मला जे हवं आहे ते फार खर्चाचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत प्रत्येक बाईपुढे पाळीचा रकाना असावा: किती दिवस, कपडा किंवा पॅड किती वेळा बदलावं लागतं, गाठी पडतात का. हे बाईनेच, आडोशाला, दार लावून विचारावं. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं की बाईचं नाव यादीतून जाऊ नये, उलट वर्षातून एकदा रक्ताची पूर्ण तपासणी तिच्या नावावर लागावी. त्याला एक जांभळ्या बुचाची ट्यूब आणि यंत्रावरचं एखादं मिनिट पुरतं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजसारखं शिरेतून देण्याचं लोह, ज्याच्या एका वेळेच्या सलाइनमध्ये 1000 मिलिग्रॅम जातं, ते तीव्र अ‍ॅनिमियाच्या गरोदर बाईला मिळतं तसं गरोदर नसलेल्या बाईलाही तालुक्यालाच मिळावं. आदिवासी भागात 2015 पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत गरम जेवण मिळतं. सगळ्यांच्या आधी, बसून, पोटभर. ही फार मोलाची गोष्ट आहे. शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या अंड्याचा जादा निधी मात्र 2025 च्या जानेवारीत राज्याने थांबवला. त्या अंड्याच्या रांगेत उद्याच्या वहिन्या उभ्या होत्या. तो निधी परत सुरू व्हावा.

वहिनीला मुंबईतच दोन वेळा शिरेतून लोह दिलं. अंगावरून जाणं औषधाने आटोक्यात आलं, गाठ लहान आहे, पिशवी काढायची गरज नाही असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. सव्वातीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.4 आलं. दिवाळीला गावी गेले तेव्हा ती सूप घेऊन अंगणात बसली होती. तांदळाला तिचा हात लागत होता तो निवडण्यापुरताच. मी बघते आहे हे तिच्या लक्षात आलं. "आता खावंसंच वाटत न्हाय," म्हणाली. मग सूप बाजूला ठेवून माझ्या जवळ सरकली आणि हळू आवाजात सांगितलं, "वन्सं, वरच्या आळीतल्या दोघी पन खात्यात तांदूळ. आन् शेवंताची लेक माती खाती. मी त्यास्नी सांगितलंय, वन्सं आल्या की तुमचं हात दावा म्हनून."